बांबू डोळ्यांसमोर हवा

५ नोव्हेंबर २०२४, कुडाळ

गावातल्या बचत गटाच्या बायका आज सकाळी ऑफिसात आल्या. त्यांना वाचनालय आणि बैठकीची खोली अशी छोटी इमारत बांधायची आहे. जागा ग्रामपंचायतीने दिली आहे, पैसे थोडे जमले आहेत, थोडे यायचे आहेत. चहा व्हायच्या आधीच त्यांनी प्रश्न टाकला, "मॅडम, स्लॅबात सळईच्या जागी आमचा माणगा बांबू घातला तर चालेल का?"

प्रश्न हौसेचा नव्हता. गावातल्या जुन्या सभागृहाचा स्लॅब गेल्या पावसाळ्यात खालून सुटला. काँक्रीटच्या खपल्या पडल्या आणि आतली सळई काडीसारखी बारीक झालेली सगळ्यांनी पाहिली. आपल्या किनाऱ्याच्या हवेतच मीठ आहे. सळईवरचे काँक्रीटचे कव्हर कमी पडले, माल नीट ठासला नाही, क्युरिंग अर्धवट सोडले, की क्लोराइड आतपर्यंत पोचते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. बायकांचे म्हणणे सरळ होते: लोखंड गंजते, बांबू गंजत नाही, लोखंड विकत घ्यावे लागते, माणगा बांधावर उभा आहे. त्यातल्या एकीने मोबाइलवर व्हिडिओही दाखवला, 'बांबू पोलादापेक्षा मजबूत'.

मी लगेच नाही म्हटले नाही. त्यांना सांगितले, "आकडेमोड करते, करून पाहू, मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर उत्तर देते." ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर असणार आहे त्यांना कारणासकट उत्तर मिळायला हवे.

१० नोव्हेंबर

रविवार वाचनात गेला. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये चाउ नावाच्या विद्यार्थ्याने काँक्रीटमध्ये बांबू घालून पाहिला होता. १९३०च्या दशकात जर्मनीत चाचण्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलाद लढाईकडे वळले, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन कॉलेजात एच. ई. ग्लेन यांनी बांबूच्या तुळया, स्लॅब आणि चक्क काही इमारती उभ्या करून पाहिल्या. १९५०च्या त्यांच्या अहवालात बांबूची ताकद मान्य केली आहे, आणि तुळया फार वाकतात, बांबू फुगून काँक्रीट चिरते, हेही स्वच्छ लिहिले आहे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्युनीमी इथल्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने, पोलाद न मिळणाऱ्या ठिकाणी बांबू कसा वापरावा याची मार्गदर्शिका काढली. १९७९पासून ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात खोसरो घवामी यांनी हे काम सर्वांत चिकाटीने केले.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सारखी दिसते. पोलाद दुर्मिळ झाले की माणसे बांबूकडे वळली, आणि पोलाद परत मिळू लागले की बांबूचे काँक्रीट बाजूला पडले. अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडले, पण त्यातून सरावाची बांधकाम पद्धत उभी राहिली नाही. चांगल्या अभियंत्यांच्या पिढ्या खपूनही असे का झाले, ते मला बायकांना समजावून सांगता आले पाहिजे.

१४ नोव्हेंबर

'पोलादापेक्षा मजबूत' हे वाक्य कुठून आले ते आज वहीत मांडले. बांबूच्या तंतूंच्या दिशेने ताण दिला तर चौरस मिलिमीटरला साधारण १०० ते २०० न्यूटन इतकी ताकद मिळते. सालीजवळ तंतू दाट असतात, तिथे याहूनही जास्त. नेहमीची एफई ५०० सळई ५०० न्यूटनला सैल होऊ लागते. म्हणजे तेवढ्याच जाडीत पोलाद पुष्कळ पुढे आहे. पण पोलादाचा घनमीटर ७,८५० किलोचा आणि बांबूचा ७०० किलोच्या आसपास. वजनाला ताकद धरली तर बांबू तिपटीने सरस ठरतो. व्हिडिओतले वाक्य इथून आले आहे, आणि या अर्थाने ते खरेच आहे. जिथे स्वतःचे वजन कमी हवे, उदाहरणार्थ छपराच्या कैचीत, तिथे हा गुण सोन्यासारखा आहे.

स्लॅबात मात्र सळईचे वजन नगण्य असते. तिथे महत्त्वाचे काय, तर ओझे आल्यावर ती किती लांबते. या ताठपणाचा आकडा पोलादाचा २,००,००० आणि बांबूचा १०,००० ते २०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम २० काँक्रीटचा आयएस ४५६च्या सूत्राने सुमारे २२,०००. म्हणजे बांबू ज्या काँक्रीटला आधार द्यायला घालायचा, त्याच्याइतकाही ताठ नाही. काँक्रीट चिरेपर्यंत बांबूवर फारसा भार येत नाही. ते चिरल्यावर भार येतो, बांबू भरपूर लांबतो आणि चीर उघडी पडते.

तीन मीटर गाळ्याचा पाच इंची स्लॅब धरून पाहिला. ८ मिलिमीटरची सळई दीड-दीडशे मिलिमीटरवर ठेवली, तर मीटरभर रुंदीत ३३५ चौरस मिलिमीटर पोलाद येते. तेवढा ताठपणा बांबूकडून हवा असेल तर क्षेत्रफळ तेरापट लागते, म्हणजे सुमारे ४,४०० चौरस मिलिमीटर. २० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड पट्ट्या घेतल्या तर मीटरला बावीस. दोन पट्ट्यांत जेमतेम २५ मिलिमीटर फट उरते आणि आपली खडी २० मिलिमीटरची. माल खाली उतरणार कसा? शिवाय सळईला टोकाला हूक मारता येतो, तिची रिंग वळवता येते. वाळलेली बांबूची पट्टी काटकोनात वळत नाही, फुटते. तुळईच्या टोकांजवळ तिरप्या चिरा अडवायला रिंगा लागतात. त्या कशाच्या करायच्या?

२८ नोव्हेंबर

आज माणगा तोडला. वद्य पक्ष संपत आलेला. बेटाचे मालक आबा सत्तरीच्या पुढचे आहेत. "काळोखात तोडलेलो माणगो टिकता," ते म्हणाले. चंद्राचे राहू दे, पण पावसाळा संपल्यावर तोडण्याची रीत अगदी योग्य आहे. पावसात कोंब वर येत असतात आणि बेटाची सगळी ताकद त्यांच्याकडे लागलेली असते. तेव्हा तोड केली तर बेटाचे नुकसान होते. आणि भुंगा येतो तो बांबूतल्या पिष्टासाठी. ते जितके कमी, तितका बांबू वाचतो.

आबांनी हात लावून, नखाने टकटक करून काठ्या निवडल्या. तीन वर्षांच्या आतली एकही घेऊ दिली नाही. कोवळी काठी वाळताना आक्रसते आणि सुरकुतते. तोड जमिनीच्या वर, पेराच्या गाठीला लागून; नाहीतर खुंटात पाणी साचते आणि बेट कुजते. हे ज्ञान त्यांनी कुठे लिहिलेले नाही. बांधकामाच्या शास्त्राची पहिली पायरी मला मात्र तिथेच दिसली, कारण पुढचे सगळे हिशेब चांगल्या काठीवर उभे असतात.

माणगा हा सिंधुदुर्गाचा खास बांबू. काटे नसलेला, सरळ वाढणारा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. पूर्वी बांधावरचा स्वतःचा बांबू तोडायलासुद्धा कायद्याच्या अडचणी होत्या. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला, वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून निघाला, आणि शेतकऱ्याचा हात मोकळा झाला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला, ती लढाई तर याही आधीची. इतक्या कष्टाने हाती आलेला माल आपण काँक्रीटमध्ये गाडून वाया घालवू नये, असे आज पहिल्यांदा ठामपणे वाटले.

३ डिसेंबर

प्रक्रिया सुरू केली. बांबू कुठेही वापरला तरी ही लागणारच. लांब सळईने आतले पडदे फोडायचे आणि काठ्या बोरिक ॲसिड व टाकणखाराच्या द्रावणात बुडवून ठेवायच्या. बायकांनी खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरले. हे क्षार भुंग्याला आणि वाळवीला मारक आहेत, माणसाच्या हाताळणीला त्या मानाने सौम्य. मात्र ते पाण्यात विरघळतात. म्हणून प्रक्रिया केलेला बांबूसुद्धा पावसात भिजत ठेवायचा नाही, जमिनीत रोवायचा नाही. ही अट मी बायकांना पुन्हा पुन्हा सांगितली, कारण पुढची सगळी रचना तिच्यावर ठरणार आहे.

९ डिसेंबर

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तुळया ओतल्या. एक सळईची, एक साध्या बांबूपट्ट्यांची, आणि एक डांबर लावून वर कोरडी वाळू घट्ट बसवलेल्या पट्ट्यांची. बायका मुद्दाम आल्या होत्या. गवंडीकाम त्यांच्यातल्या दोघींना येते, त्यांनीच माल ठासला.

ओल्या काँक्रीटमध्ये नेमके काय घडते ते मी तिथेच समजावले. वाळलेली पट्टी मालातले पाणी शोषून फुगते आणि नुकत्याच धरलेल्या काँक्रीटला आतून दाबते. पुढे काँक्रीट वाळते तशी पट्टी पुन्हा आक्रसते आणि भोवती बारीक पोकळी सोडते. मग पकड कशाची? डांबर-वाळूचा लेप पाणी अडवण्यासाठी आणि खरखरीतपणासाठी. घवामींनीही लेप आणि वाळूच्या अशाच युक्त्या वापरल्या होत्या.

दुसरी गोष्ट रसायनाची. सिमेंटच्या छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, पीएच साडेबाराच्या पुढे. पोलादाला हे वातावरण मानवते. त्याच्या अंगावर पातळ संरक्षक थर धरतो आणि मीठ आत येईपर्यंत गंज लांब राहतो. बांबूच्या तंतूंना बांधणारे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज मात्र त्याच पाण्यात हळूहळू झिजतात. बायकांपैकी एकीने विचारले, "म्हणजे लोखंडाला जे राखते, तेच बांबूला खाते?" होय. इतके नेमके मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगता आलेले नाही.

६ जानेवारी २०२५

आज अठ्ठावीस दिवस भरले. यंत्रावर तुळया दाबल्या.

सळईच्या तुळईवर मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या पुष्कळ चिरा आल्या. तुळई वाकत गेली, ओझे धरून राहिली, आणखी वाकली. ती जाणार हे जायच्या पुष्कळ आधी समजत होते.

साध्या बांबूच्या तुळईत एकच मोठी चीर मधोमध उघडली. बाहेरून बोट जाईल इतकी. मग पट्ट्या आतल्या आत सरकल्या आणि सगळे सैल पडले. तोडून पाहिले तर पट्ट्या जवळजवळ जशाच्या तशा. त्यांची ताकद वापरलीच गेली नव्हती, कारण काँक्रीटने त्यांना धरलेच नव्हते.

लेप दिलेल्या तुळईने खूप जास्त भार घेतला. बायकांचे चेहरे खुलले, माझाही खुलला असेल. पण तिचा शेवट मोठ्या आवाजात, क्षणात झाला. पट्ट्या पेराच्या गाठीत तुटल्या. गाठीजवळ तंतू वाकडे होतात, म्हणून काठीची ताणातली कमजोरी तिथेच असते.

८ जानेवारी

तो आवाज डोक्यातून जात नाही. काँक्रीटच्या घरांचा सगळा भरवसा पोलादाच्या एका गुणावर उभा आहे: तुटण्याआधी ते पुष्कळ लांबते. म्हणून तर संहितेत तुळईत सळई मुद्दाम बेताची ठेवतात, म्हणजे काँक्रीट चुरडण्याआधी सळई सैल होते, छत खाली झुकते, चिरा दिसतात, माणसे बाहेर पळू शकतात. बांबूला ही सैल पडायची अवस्थाच नाही. तो शेवटपर्यंत ताण घेतो आणि तुटतो. भूकंपात तर इमारतीने वाकून धक्का पचवायचा असतो. वाचनालयात मुले बसणार आहेत. इशारा न देता जाणारे छत मी त्यांच्या डोक्यावर ठेवणार नाही.

२०१८ मध्ये आर्चिला, कमिन्स्की, त्रुहियो, झेया एस्कामिया आणि हॅरिस या पाच अभ्यासकांनी बांबू-काँक्रीटवरच्या आजवरच्या कामाचा कठोर आढावा घेतला. हे बांबूच्या बांधकामात मुरलेले लोक आहेत, त्याचे विरोधक नव्हेत. त्यांचाही निष्कर्ष हाच आहे की काँक्रीटमधल्या पोलादाच्या जागी बांबू योग्य नाही. बांबूच्या रचनांची आंतरराष्ट्रीय संहिता आयएसओ २२१५६ जिथे बांबू हाच मुख्य भार घेतो तिथपुरतीच बोलते. काँक्रीटमध्ये दडवलेला बांबू तिच्या कक्षेत येत नाही.

१२ जानेवारी

ग्रामसभेत तुळयांचे तुकडे घेऊन गेले. सगळ्यांनी हाताळले. एका तरुण ठेकेदाराने चांगला प्रश्न विचारला, "मॅडम, रिओत उघड्यावर ठेवलेल्या तुळईतला बांबू पंधरा वर्षांनीही शाबूत होता असे वाचले. मग?" मी म्हटले, "खरे आहे, आणि ते मोठे काम आहे. पण ती तज्ज्ञांनी निवडलेली, लेप दिलेली, मोजमाप ठेवलेली तुळई होती. आपल्या स्लॅबात पट्टी कशी बसली हे ओतल्यानंतर कुणालाही दिसणार नाही. पंधरा वर्षांनी ती आत कुजली की नाही हेही दिसणार नाही, आणि कुजली तर बदलता येणार नाही."

मग बांगलादेशातली गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये चुआडांगा जिल्ह्यातल्या दर्शना इथे सरकारी इमारतीच्या कामात सळईच्या जागी बांबू घातल्याचे उघडकीस आले आणि देशभर संताप उसळला. तिथे बांबू फसवणुकीचे साधन झाला, कारण तो काँक्रीटच्या आत लपतो. उघड्यावर लावलेल्या बांबूत फसवणूक करणे अवघड आहे. काठी कोवळी आहे का, भुंगा लागला आहे का, चिरली आहे का, हे आबांना दहा पावलांवरून कळते.

सभा थोडी हिरमुसली. एक काकी उठून म्हणाल्या, "मग आमच्या बांबूचे काही होणारच नाही का?" मी म्हटले, "पाया आणि जोत्याच्या बीममध्ये पोलाद घालू. तिथे ते हवेच. त्याच्या वर सगळे तुमच्या बांबूचे करू. पुढच्या वेळी आराखडा घेऊन येते."

२५ जानेवारी

१९९९ मध्ये आजच्याच तारखेला कोलंबियातल्या कॉफीच्या मुलखात, आर्मेनिया शहराजवळ भूकंप झाला. हजाराहून जास्त माणसे गेली. नंतर घरोघर फिरून पाहणी झाली तेव्हा दिसले की वीट आणि काँक्रीटची कच्ची बांधलेली घरे बसली होती, तर ग्वाडुआ बांबूच्या चौकटीवर गिलावा केलेली, नीट राखलेली बाहारेके घरे बरीचशी तगली. ज्या बाहारेके घरांचा बांबू ओलीने कुजला होता, ती मात्र पडली. या अनुभवातून कोलंबियाने सुधारित बाहारेकेला आपल्या भूकंपसंहितेत स्थान दिले. तिथे ती गरिबाची तात्पुरती सोय राहिली नाही, अभियंत्याच्या सहीने उभी राहणारी रचना झाली.

ही बाहारेके म्हणजे काय? आपली कुडाची भिंत. काठ्यांची चौकट, तिच्यावर पट्ट्यांची जाळी, वरून लिंपण. कोकणातल्या कितीतरी घरांत आतल्या भिंती कुडाच्या असत. फरक इतकाच की तिकडे चौकटीचे सांधे बोल्टने बांधतात, जोते उंच ठेवतात, आणि शेणमातीच्या जागी जाळी ठोकून सिमेंटचा पातळ गिलावा करतात. बंगळुरूच्या इपिर्टी या संस्थेने याच पद्धतीचे बांबूचे घर उभारून भूकंपाचे धक्के देणाऱ्या मंचावर हलवून पाहिले आणि ते टिकले.

महाराष्ट्राला याची गरज नाही असे कोण म्हणेल? कोयनेचा १९६७ चा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. किल्लारीत हजारो माणसे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्याच साली भारतीय मानक संस्थेची आयएस १३८२७ ही मातीच्या घरांसाठीची मार्गदर्शिका निघाली. मातीच्या भिंतीत वेताची किंवा बांबूची उभी-आडवी जाळी घालायची सूचना तिच्यात आहे. पेरूमध्येही लिमाच्या कॅथलिक विद्यापीठाने १९७०च्या दशकापासून मातीच्या विटांच्या भिंतीत बोरूची जाळी घालून चाचण्या केल्या.

इथे बांबू खरोखर सळईचे काम करतो. माती काँक्रीटपेक्षा कितीतरी मऊ आहे. तिच्या मानाने बांबू ताठ ठरतो, भार घेतो, भिंतीचे तुकडे सुटू देत नाही. मातीत सिमेंटची तीव्र अल्कता नसते. १४ नोव्हेंबरच्या हिशेबात जो आकडा आड आला, तोच इथे बांबूच्या बाजूने उभा राहतो.

१६ फेब्रुवारी

आराखडा मंजूर झाला. काँक्रीटचे, सळई घातलेले पाया व जोते; कव्हर आणि क्युरिंगवर मी स्वतः उभी राहणार. जोत्यावर चिऱ्याचे दोन थर, त्यावर बांबूचे खांब, म्हणजे उडणारे पाणी काठीला लागणार नाही. छपराला बांबूच्या कैच्या आणि चारी बाजूंना रुंद वळचण. उंची एका मजल्याची. बांबूच्या रचनेसाठी आपली स्वतःची संहिता आहे, आयएस १५९१२, आणि राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूचा स्वतंत्र विभाग आहे. 'याला शासकीय मान्यता कुठे' म्हणणाऱ्यांना मी दोन्ही दाखवते.

सांध्यांसाठी कुडाळच्याच कोनबॅक या बांबू केंद्रात तयार झालेल्या कारागिरांना बोलावले. २००४ पासून ते केंद्र इथे उभे आहे आणि जिल्ह्यातल्या मुलांना बांबूच्या बांधकामाची शिस्त लावत आहे. बांबूची खरी परीक्षा सांध्यात होते. खिळा ठोकला की काठी उभी फाटते. म्हणून भोक पाडून बोल्ट घालायचा. कोलंबियाचे वास्तुविशारद सिमॉन वेलेझ यांनी बोल्टच्या जागचे पोकळ कांडे सिमेंटच्या मालाने भरायची युक्ती रुळवली आणि त्या जोरावर हानोव्हरच्या २०००च्या जागतिक प्रदर्शनात प्रचंड मंडप उभा केला. आमचा माणगा बुंध्याला भरीव, त्यामुळे खालच्या सांध्यांना ही भरणी फार लागली नाही.

१३ एप्रिल

भिंती झाल्या. बायकांनी पट्ट्यांची जाळी अशी विणली की गवंडी पाहत राहिले. सुपे-टोपल्या विणणारे हात आहेत, अंतर डोळ्यांनी बरोबर धरतात.

तरुण ठेकेदार आता रोज येतो. आज त्याने विचारले, "पोलाद वाचवून पर्यावरण वाचते म्हणतात, ते मग खोटे?" खोटे नाही. टनभर पोलाद करताना जगात सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ही मोठी चिंता आहे. पण बांबू घालण्यासाठी स्लॅब जाड केला आणि सिमेंट वाढवले, तर वाचवलेले तिथेच गेले. वाचवायचे तर स्लॅबच टाळायचा. या इमारतीत आम्ही तेच केले.

त्याला पुढची दिशाही सांगितली. सिंगापूरमध्ये डर्क हेबेल यांच्या गटाने बांबूचे तंतू वेगळे करून, राळेत दाबून त्यांच्या कांड्या बनवल्या आणि काँक्रीटमध्ये वापरून पाहिल्या. पाणी शोषण्याचा आणि फुगण्याचा दोष तिथे मुळातच आवरता येतो. तो संशोधनाचा योग्य रस्ता आहे, फक्त तो कारखान्यातून जातो. आणि आपल्याकडे वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसला. बालकोवा बांबू, क्रिओसोटची प्रक्रिया, वरून प्लास्टिकचा लेप. तिथेही बांबू समोर दिसतो, तपासता येतो, बदलता येतो. मी त्याला म्हटले, "तू हे शीक. सळईच्या कामाइतकीच याचीही मोजमापे असतात." तो कोनबॅकच्या प्रशिक्षणासाठी नाव देणार आहे.

२१ मे

मे संपायच्या आतच पाऊस कोसळतो आहे. सकाळी वाचनालयात जाऊन खांबांची बुडे पाहिली, कोरडी आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर झड येते, तिथे वळचण हातभर वाढवायला हवी. पाऊस थांबताच काम लावते.

मग बायकांसोबत तपासणीची वही सुरू केली. प्रत्येक खांबाला आणि कैचीला क्रमांक दिला. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी एकदा प्रत्येक काठी पाहायची: खाली पिवळी भुकटी पडली आहे का, बोल्ट सैल आहे का, गिलाव्याला चीर आहे का, कौल सरकले आहे का. काठी खराब दिसली की क्रमांक लिहायचा, टेकू द्यायचा, काढून नवी बसवायची. त्यासाठी आबांच्या बेटातल्या काठ्या दर वर्षी तोडून, प्रक्रिया करून माळ्यावर राखून ठेवायच्या. पहिल्या तपासणीला शाळेतली मोठी मुले बरोबर घेतली. त्यांना भुंग्याचे भोक कसे ओळखायचे ते काकींनी शिकवले, मला बोलावेच लागले नाही.

काँक्रीटच्या आत काय चालले आहे हे गावाला कधी कळले नसते. त्यासाठी माझ्यासारख्या कुणाची, यंत्रांची, अहवालांची वाट पाहावी लागली असती, आणि जुन्या सभागृहाच्या बाबतीत नेमके तेच झाले. ही इमारत गावाला वाचता येते. बांबूने पोलादाची जागा घ्यावी असा हट्ट मी कुठेच धरणार नाही. पण ज्या गावात बेट आहे, विणणारे हात आहेत आणि एक मजल्याचे छप्पर हवे आहे, तिथे स्लॅबाचा विचार करण्याआधी बांबूचा आराखडा मांडला जावा, एवढी मागणी मी प्रत्येक ग्रामसभेत करणार आहे. शेजारच्या गावाने अंगणवाडीसाठी विचारले आहे. जूनमध्ये त्यांची बेटे पाहायला जायचे, म्हणजे तोडीच्या काठ्यांवर आत्ताच खुणा करता येतील.